चेपस्टोचा किल्ला: आधी नदीकडून पाहावा

वाय नदी सेव्हर्नला मिळते त्याच्या थोडे अलीकडे, तिच्या वेल्सच्या काठावर चुनखडीचा एक उभा कडा आहे आणि त्या कड्याच्या अरुंद माथ्यावर चेपस्टोचा किल्ला लांबच लांब पसरलेला आहे. हा किल्ला मी दोनदा पाहिला. पहिल्या खेपेस एका सहल कंपनीच्या बसने गेलो होतो. त्यांनी किल्ल्यासाठी पाऊण तास दिला होता, आणि त्या पाऊण तासात आम्ही दरवाजातून आत शिरून शेवटच्या बुरुजापर्यंत जाऊन परत आलो, चार छायाचित्रे काढली आणि बसमध्ये बसलो. किल्ला पाहिल्याचे समाधान वाटले, पण तो कळला मात्र मुळीच नव्हता. दुसऱ्या खेपेस बाबांना घेऊन आगगाडीने गेलो, पूर्ण दिवस हाताशी ठेवला आणि थेट किल्ल्यात न शिरता आधी नदीवरच्या जुन्या पुलावर जाऊन उभे राहिलो. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीवर आधारलेले आहे, आणि किल्ला पाहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात त्या पुलावरूनच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

१८१६ साली बांधलेला तो लोखंडी कमानींचा पूल ओलांडला की आपण इंग्लंडच्या हद्दीत येतो, कारण येथे नदी हीच दोन देशांमधली सीमा आहे. पलीकडच्या काठावरून मागे वळून पाहिले की कडा कोठे संपला आणि भिंत कोठे सुरू झाली, हे चटकन सांगता येत नाही. बांधणाऱ्यांनी कड्याचीच रेघ वर चढवत नेली आहे. खालून वाहणारे पाणी गढूळ, तांबूस आणि वेगवान आहे, आणि ओहोटीच्या वेळी दोन्ही काठांवर चिखलाचे चकचकीत उतार उघडे पडतात. सेव्हर्नच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक मानला जातो, आणि चेपस्टोपाशीही पाणी काही तासांत दहा मीटरहून अधिक चढते आणि उतरते. समुद्रातून येणारे गलबत भरतीवर स्वार होऊन थेट किल्ल्याच्या पायथ्याशी येत असे. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की, आतल्या अर्ध्याअधिक बांधकामाचा उलगडा आपोआप होत जातो.

१०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १०६७ मध्ये, विल्यम राजाचा जवळचा सहकारी विल्यम फिट्झऑस्बर्न याने येथे किल्ल्याचे काम सुरू केले. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजदादीत, या किल्ल्याची नोंद आहे आणि तो फिट्झऑस्बर्नने उभारल्याचे तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्या काळी त्याला स्ट्रिगिल म्हणत. जिंकलेला मुलुख ताब्यात ठेवण्यासाठी नॉर्मन सरदार त्या वेळी सगळीकडे घाईघाईने मातीचे ढीग रचून त्यांवर लाकडी गढ्या उभारत होते. चेपस्टोला मात्र दगडाचे काम फार लवकर झाले, आणि म्हणूनच ब्रिटनमध्ये आजवर टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या दगडी किल्ल्यांमध्ये याची गणना होते. फिट्झऑस्बर्न स्वतः १०७१ मध्ये लढाईत मारला गेला आणि त्याच्या मुलाने १०७५ मध्ये बंड केल्यामुळे किल्ला राजाकडे गेला. मधोमध उभी असलेली भव्य वास्तू, जिला ‘ग्रेट टॉवर’ म्हणतात, ती फिट्झऑस्बर्नने बांधली की १०८१ मध्ये दक्षिण वेल्समधून सेंट डेव्हिड्सला जाऊन आलेल्या खुद्द विल्यम राजाने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मला स्वतःला राजाकडे झुकणारे मत अधिक पटते, आणि त्याचे कारण ती इमारतच देते.

ही इमारत कड्याच्या सर्वांत अरुंद भागात, माथा जवळजवळ पूर्ण अडवून उभी आहे. ती रुंदीच्या दुपटीहून अधिक लांब आहे. तिची शहराकडची आणि नदीच्या विरुद्ध अंगाला असलेल्या दरीकडची भिंत जाडजूड आणि जवळपास बंद आहे, तर नदीकडची भिंत तुलनेने पातळ असून खिडक्या त्याच बाजूला आहेत. शत्रू कडा चढून वर येणार नाही, हा भरवसा त्या पातळ भिंतीतच दिसतो. बाहेरच्या भिंतीवर मधोमध तांबड्या विटांसारख्या चपट्या फरशांचा एक पट्टा सर्वत्र फिरवलेला आहे. या रोमन काळातल्या फरशा आहेत, आणि बहुधा जवळच्या केअरवेंट या उद्ध्वस्त रोमन नगरातून उचलून आणलेल्या आहेत. भिंतीच्या मजबुतीसाठी त्यांची गरज नव्हती. त्या काळीही कित्येक शतके जुन्या असलेल्या साम्राज्याचे साहित्य आपल्या भिंतीवर सर्वांना दिसेल असे मिरवणे, हाच त्यांचा उपयोग असावा. पूर्वेकडच्या दरवाजावरच्या अर्धवर्तुळाकार दगडी फळीवर छिन्नीने कोरलेली फुल्यांची नक्षी आहे, आणि आत दरीकडच्या भिंतीत गोल कमानींचे कोनाडे ओळीने आहेत. त्यांतल्या काहींत जुन्या गिलाव्याचे तुकडे अजून चिकटून आहेत. या दालनाच्या मूळ बांधणीत चूल किंवा शेकोटी नव्हती. म्हणजे ही जागा राहण्यासाठी नव्हती, दरबार भरवण्यासाठी होती, असे अनेक अभ्यासक मानतात. वेल्सच्या राजांना येथे बोलवायचे, कोनाड्यांच्या त्या रांगेपुढून चालत यायला लावायचे आणि नव्या सत्तेपुढे मान झुकवायला लावायची, असा विचार या दगडांमागे असेल, तर त्यामागचा धनी राजाच असणार, असे मला वाटते.

आज या दालनाला छप्पर नाही आणि मजलेही नाहीत. तुळया बसवण्याच्या खोबणी मात्र भिंतींत रांगेने स्पष्ट दिसतात. मान वर करून त्या मोजत गेलो की मजला कोठे होता, वरचा माळा कोठे होता, हे कळू लागते. तेराव्या शतकात किल्ल्याचा पुढचा धनी विल्यम मार्शल याच्या मुलांनी या वास्तूच्या एका भागावर मजला चढवला आणि त्यांच्यानंतरचा धनी रॉजर बिगॉड याने तो पूर्ण लांबीपर्यंत नेला. खालच्या जाड, ठेंगण्या नॉर्मन कामावर ते नाजूक, टोकदार कमानींचे काम बसलेले पाहताना दोनशे वर्षांचा काळ एकाच भिंतीवर वाचता येतो. मी या एका जागी तासभर होतो, आणि तरीही निघताना मन मागे राहिले.

आता किल्ल्याच्या मुख्य दरवाजाच्या मूळ दारांविषयी सांगायलाच हवे. ११८९ मध्ये विल्यम मार्शलचे इझाबेल द क्लेअरशी लग्न झाले आणि तिच्या वारशाबरोबर हा किल्ला त्याच्याकडे आला. मार्शल हा त्या काळातला नावाजलेला योद्धा होता. त्याने एकामागोमाग एक राजांची चाकरी केली आणि १२१६ पासून १२१९ मध्ये मरेपर्यंत बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या वतीने त्याने राज्यकारभार पाहिला. त्याने किल्ल्याच्या पूर्व टोकाला दोन गोल बुरुजांमध्ये मुख्य दरवाजा बसवला. अशा जोड बुरुजांच्या दरवाजांत हा ब्रिटनमधला अगदी सुरुवातीचा आहे. या दरवाजाची मूळ दारे १९६२ पर्यंत वापरात होती. त्यानंतर ती काढून किल्ल्याच्या आत, छपराखाली जपून ठेवली आहेत. ही दारे बराच काळ तेराव्या शतकातली समजली जात होती. मग त्यांच्या लाकडातल्या वाढीची वर्तुळे मोजून काल ठरवला गेला, आणि ती बाराव्या शतकाच्या अखेरीस, ११९० च्या आधीच्या काही दशकांत तोडलेल्या ओकची निघाली. युरोपमधल्या किल्ल्यांच्या सर्वांत जुन्या दारांमध्ये त्यांची गणना होते.

त्यांच्यापुढे नुसते उभे राहून चालत नाही, मागे जाऊनही पाहावे लागते. समोरून ओकच्या उभ्या फळ्या आहेत आणि त्यांवर लोखंडी पत्रे ठोकलेले आहेत. आपल्याकडच्या वाड्यांच्या आणि गडांच्या दारांवर हत्तीला अडवायला अणकुचीदार खिळे असतात. येथे हत्तीचे भय नव्हते, आगीचे आणि कुऱ्हाडीचे होते, म्हणून पत्रा. मागच्या बाजूला ओकच्याच पट्ट्यांची आडवी-उभी जाळी आहे, आणि त्या पट्ट्या एकमेकींत कुसू आणि खोबणी करून बसवलेल्या आहेत. बाबांचे आजोबा सुतारकाम करायचे. बाबा त्या सांध्याजवळ वाकले, चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, हे काम आपल्या आजोबांना दाखवायला हवं होतं.” आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या सुताराची पकड त्या सांध्यांतून आजही जाणवते. लोखंडाची किनार हाताच्या वापराने गुळगुळीत झालेली आहे. हात लावण्याचा मोह टाळावा.

मार्शलच्या पाचही मुलांना वारस न राहिल्याने १२४५ मध्ये घराण्याची मालमत्ता मुलींच्या वंशजांमध्ये वाटली गेली आणि चेपस्टो बिगॉड घराण्याकडे गेले. या घराण्यातला नॉरफोकचा पाचवा अर्ल, म्हणजे उमराव, रॉजर बिगॉड याने १२७० नंतर किल्ल्याचे रूप पालटले. शहराभोवतीचा तट, खालच्या आवारातले राजेशाही निवासस्थान आणि आज मार्टनचा बुरूज म्हणून ओळखला जाणारा प्रचंड बुरूज, ही सारी त्याची कामे. नदीच्या वरच्या अंगाला काही अंतरावर असलेल्या टिंटर्नच्या मठाचे नवे देऊळही त्याच्याच आश्रयाने उभे राहिले. बांधकामाचा हा नाद त्याला परवडला नाही. कर्जात बुडाल्यावर १३०२ मध्ये त्याने आपली जहागीर राजाच्या नावे करून दिली आणि १३०६ मध्ये तो निपुत्रिक मरण पावला.

त्याच्या निवासस्थानासमोर आले की पुलावरून पाहिलेली नदी पुन्हा आठवते. दालने, मुदपाकखाना आणि कोठारे, सगळे कड्याच्या अगदी काठाला लागून ओळीने बांधलेले आहे. दोन दालनांच्या मधल्या बोळातून दगडी जिना खाली उतरतो आणि आपण एका तळघरात पोहोचतो. छताला दगडी फासळ्यांचे कमानदार बांधकाम आहे. हवेत ओल आहे, पावलांचा आवाज घुमतो, आणि पलीकडच्या टोकाला भिंतच नाही. तेथे एक मोठे उघडे तोंड आहे, आणि त्या तोंडातून थेट खाली वाय नदी दिसते. भरतीबरोबर गलबते कड्याखाली येऊन लागत, आणि या तोंडातून दोर सोडून माल थेट तळघरात ओढून घेत. दारूची पिंपे, धान्य, मीठ, जे काही समुद्रातून येई ते शहरातून न फिरता, वेशीवर न थांबता, अर्लच्या कोठारात पडत असे. वेढा पडला तरी हा मार्ग जमिनीवरच्या सैन्याला सहजी अडवता येत नसे. बाबा कठड्याला धरून खाली पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “हा तर धक्काच आहे की रे, फक्त हवेत टांगलेला!” या तळघराचे याहून नेमके वर्णन मला अजून सुचलेले नाही.

याच रांगेत दोन जणांना शेजारी-शेजारी बसता येईल असे शौचकूप आहे, आणि तेही कड्याबाहेर काढलेले. राजगड-रायगडावर शौचकूप पाहिलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटणार नाही, पण येथे खाली नदी आणि तिची रोज दोनदा येणारी भरती आहे. भरतीचे पाणी सगळे धुऊन नेत असे. माल आणण्यासाठी आणि मळ नेण्यासाठी एकाच नदीवर इतका पक्का भरवसा ठेवणारी रचना मी दुसऱ्या कोणत्याही किल्ल्यात पाहिलेली नाही.

आग्नेय कोपऱ्यातल्या मार्टनच्या बुरुजाकडे मात्र नदी नाही, शहर आहे, आणि म्हणून तेथे सगळा विचार बदललेला दिसतो. बुरुजाच्या पायथ्याला दगडाचे तिरपे उतार बाहेर काढलेले आहेत, त्यामुळे सुरुंग लावणे किंवा भिंत पोखरणे अवघड होई. वरून खाली सोडायच्या लोखंडी जाळ्या बुरुजाच्या दारांना स्वतंत्रपणे बसवलेल्या होत्या, म्हणजे किल्ला पडला तरी हा बुरूज एकटा लढू शकेल. चर्यांवर मात्र माणसांच्या दगडी आकृती बसवलेल्या आहेत. त्या लांबून पहारेकऱ्यांसारख्या भासतात आणि धन्याची ऐट दाखवतात. बुरुजाचे आजचे नाव ज्याच्यावरून पडले तो हेन्री मार्टन याने १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या आदेशावर सही केली होती. राजेशाही परतल्यावर त्याला कैदेत टाकले गेले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे याच बुरुजात काढून १६८० मध्ये तो येथेच वारला. त्याची कैद फार कडक नव्हती, असे सांगतात. त्या खोलीतल्या शेकोटीपाशी आणि खिडकीपाशी उभे राहिले की ते खरेही वाटते.

पहिला चार्ल्स राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात किल्ल्याला १६४५ आणि १६४८ असे दोन वेढे पडले. दुसऱ्या वेढ्यात राजाच्या बाजूने किल्ला लढवणाऱ्या सर निकोलस केमिसला, तोफांनी तट फोडल्यानंतर, ठार करण्यात आले. इंग्लंडमधले कितीतरी किल्ले त्या युद्धानंतर सुरुंग लावून मुद्दाम निकामी केले गेले. चेपस्टो मात्र वाचला, कारण त्याचा उपयोग ठाणे आणि तुरुंग म्हणून होणार होता. दरीकडच्या तटाची भिंत भरून जाड केली गेली आणि तिच्यात बंदुकांसाठी जंग्या ठेवल्या गेल्या. आज फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालताना मध्ययुगीन आणि सतराव्या शतकातले काम यांतला फरक या जंग्यांवरून ओळखता येतो. १६९० च्या सुमारास शिबंदी हलवली गेली आणि किल्ला हळूहळू ओस पडला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाय नदीतून नावेने सहल करण्याची चाल पडली, तेव्हा वेलींनी झाकलेला हा किल्ला त्या सहलीचा अखेरचा टप्पा असे. म्हणजे त्या काळचे पाहुणे तो नदीकडूनच पाहत होते. आपण आज गाडीतळावरून येतो, ही आपली उलटी वाट.

१९१४ मध्ये एका उद्योजक कुटुंबाने किल्ला विकत घेऊन डागडुजी सुरू केली आणि १९५३ मध्ये तो सरकारच्या ताब्यात आला. आज त्याची देखभाल वेल्सच्या सरकारची ‘कॅडू’ ही वारसा संस्था करते. देखभालीविषयी माझे मत चांगले आहे. पडलेली छपरे नव्याने घालण्याचा मोह आवरला आहे. दगडांचे सांधे चुन्यानेच भरलेले दिसतात. कोसळलेल्या भिंतींची टोके पाणी मुरणार नाही अशी बांधून घेतली आहेत, आणि गवत कापून स्वच्छ ठेवले आहे. जे आहे ते आहे तसे, आणि जे गेले ते गेले, हा संयम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे डागडुजीच्या नावाखाली तटांवर सिमेंट थापलेले पाहून ज्यांचा जीव तुटतो, त्यांनी येथल्या भिंतींचे सांधे जवळून पाहावेत.

भेटीच्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. किल्ला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चढत जातो. खालचे आवार बऱ्यापैकी मोकळे आणि सोपे आहे, पण मधल्या आवारापासून चढ लागतो आणि बुरुजांचे गोल जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे आहेत. बाबा सत्तरीचे आहेत आणि गुडघ्यांची तक्रार आहे. त्यांनी खालचे आवार, तळघर आणि ग्रेट टॉवर आरामात पाहिले, बुरूज मात्र सोडून दिले. चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांना खालच्या आवारापलीकडे जाणे कठीण जाईल. डोक्यावर छप्पर जवळपास कोठेच नाही, त्यामुळे पाऊस आणि वारा अंगावर घ्यायची तयारी हवी, आणि जून महिन्यातही एक गरम कपडा जवळ असावा. स्थानकापासून किल्ला चालत अगदी जवळ आहे. येताना शहराच्या जुन्या तटाचा बराच भाग आणि त्याची वेस वाटेत दिसते, तीही बिगॉडच्याच काळात उभी राहिलेली. खाण्याची सोय किल्ल्यात नाही, असे समजूनच जावे. आम्ही डबा नेला होता आणि तो किल्ल्याखालच्या हिरवळीवर, तटाच्या सावलीत बसून खाल्ला. लहान मुले असतील तर नदीकडच्या बाजूला त्यांचा हात सोडू नये. कठडे आहेत, तरी खालची खोली खरी आहे.

किमान तीन तास राखून ठेवावेत, आणि निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या भरतीची वेळ पाहून घ्यावी. शक्य असेल तर ओहोटीच्या वेळी आधी पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जावे, मग किल्ला पाहावा, आणि भरती चढत असताना तळघरातल्या त्या उघड्या तोंडाशी येऊन थांबावे. आम्ही तेथे उभे असताना सकाळी उघडा पडलेला चिखल पाण्याखाली गेला होता, नदी उलट्या दिशेने, समुद्राकडून वर, वेगाने वाहत होती, आणि एक ओंडका कड्याला घासत किल्ल्याखालून वरच्या अंगाला निघून गेला.